शेजारचं टार्गेट

बाई बंदूक चालवायला येताना घरून उशी आणायच्या. तळहाताहून जरा मोठी, जुन्या पडद्याच्या कापडाची, आत कापूस ठासून भरलेली. शर्टाच्या आतून उजव्या खांद्याला ती दोन सेफ्टी पिनांनी अडकवायच्या आणि मगच शॉटगन हातात घ्यायच्या. शॉटगनचा दस्ता मागे जोरात धक्का देतो, खांदा काळानिळा होतो. त्यासाठी क्लबात रबरी पॅड मिळायचं, तेही फुकट. रेंज ऑफिसर थापाजींनी ते पुढे केलं की बाई म्हणायच्या, "रबर को मेरा खांदा मालूम नहीं है." थापाजी नेपाळचे, लष्करातून निवृत्त होऊन इथे आलेले, हसण्यात काटकसर करणारे. बाईंपुढे मात्र हसायचे. माझ्यापुढे दोन वर्षांत एकदाही हसले नाहीत.

मला बाईंचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाची फसगत व्हायला नको. हेव्याने लिहिते आहे, पण खोटं लिहिणार नाही. बाईंच्या बाबतीत माझा खोटेपणाचा कोटा एका सकाळीच संपलेला आहे.

आम्ही दोघी दुबईत, जबल अली बंदराला, एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात होतो. मी ऑपरेशन्सची मॅनेजर, त्या डॉक्युमेंटेशनमध्ये. म्हणजे कागदावर मी त्यांची वरिष्ठ. त्या वसईच्या कोळीवाड्यातल्या, ख्रिश्चन, लग्न न केलेल्या. मी कंपनीत आले तेव्हा त्यांना तिथे पंधरा वर्षं झाली होती. नवीन लागलेली पोरं त्यांना आंटी म्हणायची. "आंटी तुझ्या बिल्डिंगमध्ये," हे त्यांच्याकडून एकदा ऐकलं की मल्याळी असो की फिलिपिनो, सगळे बाई म्हणायला लागायचे. मला त्या पुणेकर म्हणत. मी चिंचवडची आहे असं मी त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "वसईहून सगळं पुणंच दिसतं."

बरोबर अकरा चाळीसला त्या डबा उघडायच्या. डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, आठवड्यातून चार दिवस. सेंट्रल एसीमध्ये तो वास तीन केबिन ओलांडून अकाउंट्सपर्यंत जायचा. तक्रारी आल्या, तेव्हा मी मॅनेजर म्हणून सगळ्यांना एक मेल पाठवली, उग्र वासाचे पदार्थ पँट्रीतच खावेत अशी. दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला बाई डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या, दार लावून घेतलं आणि माझ्या टेबलावर दोन भाकऱ्या मांडल्या. "मेल वाचली. दार बंद आहे. खा." मी खाल्लं. तेव्हापासून रोज खात होते. आमच्या घरी मासे शिजत नाहीत, आणि मी ते खाते हे नवऱ्याला अजून माहीत नाही. म्हणजे आता कळेल.

कामात त्यांची एक पद्धत होती. कंटेनरचा नंबर त्या उलटा वाचायच्या, शेवटच्या आकड्यापासून सुरुवातीकडे. सरळ वाचलं की डोळा शहाणपणा करतो आणि जे असायला हवं तेच वाचतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक कंटेनर दोन दिवस सापडत नव्हता. कस्टमर फोनवर ओरडत होता, मी यार्डवाल्यांवर ओरडत होते. बाईंनी कागद उलटा वाचला आणि पेन्सिलीने एका आकड्यावर टिंब ठेवलं. "कंटेनर कधी हरवत नाही, पुणेकर. कोणीतरी नंबर चुकीचा लिहिलेला असतो." चुकीचा नंबर माझ्या हातचा होता. ते त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

क्लबात त्यांना मीच नेलं. ही माझी चूक. कंपनीच्या एचआरने वेलनेसच्या नावाखाली बॅडमिंटन, क्रिकेट आणि शूटिंग अशा तीन सोयी काढल्या होत्या. शूटिंगला सगळे एकदा फोटो काढायला गेले. टिकले आम्ही पाचसहाजण, त्यात बायकांपैकी मी एकटी. क्लब शहराबाहेर, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच उरते तिथे. बंदुका क्लबच्याच. आपण फक्त नेम घेऊन यायचं. मी आठ महिने दर शनिवारी सकाळी जात होते. चष्मा घेतला, हातमोजे घेतले. झाडलेलं प्रत्येक कागदी टार्गेट प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वर तारीख आणि गुण लिहून, फाइलला लावत होते. एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, त्यांच्या रूम पार्टनरकडे पाहुणे येणार आहेत, शनिवारी कुठेतरी जाऊन बसायला हवं. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर, तिथे कॅफे आहे, एसी आहे.

कॅफेत त्या दहा मिनिटं बसल्या. मग काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी लिव्हरवाली रायफल चालवत होते, खाली कडी असते ती पुढे ढकलून मागे ओढली की नवं काडतूस आत जातं. थापाजींनी त्यांनाही विचारलं. बाईंनी रायफल हातात घेतली, कडी एकदा पुढेमागे केली आणि म्हणाल्या, "आमच्या गल्लीतला हातपंप असाच होता." पन्नास मीटरवर लोखंडी पत्रे टांगलेले असतात, गोळी लागली की वाजतात. मला पहिला पत्रा वाजवायला तीन शनिवार लागले होते. बाईंनी पाचपैकी चार गोळ्या झाडल्या आणि चार पत्रे वाजवले. मग किंमत विचारली. "पाच दिरहॅमची एक गोळी? म्हणजे सव्वाशे रुपये," असं मोठ्याने म्हणून उरलेली गोळी त्यांनी परत देऊ केली. थापाजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पुढच्या शनिवारी त्या आपणहून गाडीत येऊन बसल्या. मांडीवर उशी होती.

हे सगळं कुठून आलं, म्हणून मी विचारलं. त्यांच्याकडे किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालायचे आणि लहानपणी बाईंचं काम कावळे राखायचं. हातात गलोल. आईची ताकीद अशी की कावळा मरता कामा नये. कावळा मेला की शंभर कावळे जमून ओरडतात, आणि मग बोंबीलही जातात आणि दुपारची झोपही. "म्हणून कावळ्याला मारायचं नसतं. त्याच्या शेजारच्या बांबूला मारायचं. शेजारी मारणं जास्त कठीण." मी इंटरनेटवर तासन्‌तास श्वासाचे व्यायाम बघत होते. ही बाई कावळे राखून आली होती.

उभं राहायची त्यांची रीत बघायला लोक थांबायचे. बंदूक खांद्याला लावली, टार्गेटवर धरली, की त्या डोळे मिटायच्या. चारपाच सेकंद तशाच. मग डोळे उघडायच्या, आणि नळी टार्गेटवरून सरकलेली असली तर हात न हलवता पाय थोडे वळवायच्या. पुन्हा डोळे मिटायचे. नळी जागेवर राहीपर्यंत हेच चालायचं. मागे रांग लागायची, कोणीतरी 'यल्ला', चला लवकर, म्हणायचं, त्यांना ऐकू यायचं नाही. "बंदूक वळवलीस तर हात विसरतो. पाय विसरत नाहीत," असं त्यांनी मला सांगितलं. मी पाय वळवून पाहिले. मला फरक पडला. त्याचाही राग आला.

मातीच्या उडत्या तबकड्यांवर शॉटगन चालवताना सगळे 'पुल' म्हणतात, मग थापाजी बटण दाबतात आणि तबकडी सुटते. बाई 'सोड' म्हणायच्या. दोन महिन्यांनी थापाजी आम्हा सगळ्यांनाच विचारायला लागले, "छोडूँ?"

पण त्यांची सगळ्यात आवडती बंदूक होती ती सायलेन्सर लावलेली छोटी कार्बाइन. इनडोअर रेंजवर, पंचवीस मीटरवर, कागदी टार्गेटसाठी. तिचा आवाज म्हणजे कोणीतरी शेजारच्या खोलीत स्टेपलर दाबावा एवढाच. कानावर मफ चढवले की तोही नाही. इतरांना ती मिळमिळीत वाटायची. बाई म्हणायच्या, ओरडून काम करणारी माणसं ऑफिसात भरपूर आहेत. असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. गरजच नव्हती.

आणि झाडून झालं की त्या टार्गेट बघायच्या नाहीत. बटण दाबलं की कागद तारेवरून सरकत आपल्यापर्यंत येतो, तो त्या क्लिप काढून, मागची कोरी बाजू वर करून घडी घालायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. सोमवारी त्या कागदात डब्याची भाकरी गुंडाळलेली असायची. आपण सोडली, विषय संपला, लागली की नाही ते बघून ती परत थोडीच लागणार आहे, असं काहीतरी म्हणायच्या. मी मात्र माझ्या केबिनमध्ये भाकरी खाताना त्या कागदाची भोकं मोजायचे. ती नेहमी एका जागी गर्दी करून असायची. माझ्या फाइली तोवर दोन झाल्या होत्या.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. आईच्या कुठल्याही गोष्टीत रस घेणं त्याच्या वयाला शोभत नाही. एका शनिवारी नवऱ्याबरोबर तो मला न्यायला आला आणि काचेआड वीस मिनिटं उभा राहिला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. "शी डझन्ट इव्हन चेक, मम्मा. दॅट्स सो कूल." मी त्या दिवशी माझा आजवरचा सगळ्यात चांगला स्कोअर मारला होता. फाइल मांडीवर होती. उघडली नाही.

अल ऐनला दरवर्षी थंडीत कंपन्यांच्या टीमची स्पर्धा असते. एका टीममध्ये तीन पुरुष आणि एक बाई. मी क्लबात गेले त्याच दिवशी भिंतीवर त्या स्पर्धेचा फोटो पाहिला होता, रांगेत उभी माणसं, मागे डोंगर, आणि मनात ठरवलं होतं की एक दिवस त्यात उभं राहायचं. दुसरं कारण काही नाही. आयुष्यात मी शाळेतल्या लंगडीनंतर कुठल्याही खेळाच्या टीममध्ये नव्हते. आता त्या एका जागेसाठी दोन नावं झाली. बाईंचं नाव थापाजींनी लिहिलं. बाईंनी नको म्हणावं म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. नाही म्हटलं नाही.

निवडीच्या सकाळी बाई नवीन बूट घालून आल्या. पांढरे, कॅनव्हासचे, नाड्या अजून कडक. गेली दोन वर्षं त्या एकाच तपकिरी जोडीत येत होत्या. मी ते बूट पाहिले आणि मला सगळं कळलं. त्यांनाही जायचं होतं.

आधी लिव्हर रायफल. मी दोन पत्र्यांनी पुढे. मग शॉटगन. बाईंनी 'सोड' 'सोड' म्हणत एकही तबकडी आख्खी जमिनीवर पोचू दिली नाही, माझ्या दोन सुटल्या. बरोबरी. शेवटी सायलेन्सरची कार्बाइन, दहा गोळ्या, कागदी टार्गेट. शेजारशेजारच्या लेनमध्ये आम्ही दोघी.

त्या क्लबात स्पर्धेचा एक नियम होता. आपलं टार्गेट आपण तपासायचं नाही. शेजारच्या लेनवरचा तपासतो, गुण लिहितो, मग दोघं सही करतात. माणूस स्वतःच्या भोकांवर प्रेम करतो, म्हणून हा नियम. शेजाऱ्याच्या भोकांवर माणूस काय करतो याचा विचार बहुधा कोणी केला नव्हता.

माझं झाडून झालं, चांगलं झालं. बाईंचं टार्गेट सरकत आलं आणि मी क्लिप काढली. मधोमध भोकांची तीच गर्दी. मोजली. नऊ. पुन्हा मोजली, उलट्या बाजूने, त्यांच्यासारखी. नऊ. पण मधलं एक भोक गोल नव्हतं. लांबट होतं, शेंगदाण्यासारखं. दोन गोळ्या जवळजवळ एकाच जागेतून गेल्या की असं होतं. हे मला माहीत होतं. त्यांच्या भाकरीच्या कागदांवर मी तसली भोकं चार वेळा पाहिली होती.

मी खाली पाहिलं. कार्बाइन रिकामी पितळी काडतुसं उजवीकडे फेकते. बाईंची माझ्या बाजूच्या मॅटवर पडली होती, माझी पलीकडे. त्यांची दहा होती. एकेक करून मोजली. दहा गोळ्या सुटल्या होत्या आणि दहाही कागदाच्या मध्यावर होत्या.

मी नऊ लिहिलं. दहाव्यापुढे फुली मारली. तेवढ्या एका गोळीने मी पुढे जात होते.

थापाजी आले, आकडा पाहून थबकले. पितळेची एक बारीक खुंटी असते, भोकात घालून बघतात एक गोळी गेली की दोन. ती त्यांच्या खिशात होती. "दीदी, गेज लगा के देखूँ?"

"मैंने देखा है. एक बाहर गया है," मी म्हटलं. माझ्या काटेकोरपणाची तिथे ख्याती होती. दोन फाइली बाळगणाऱ्या माणसावर कोण शंका घेणार. त्यांनी खुंटी परत खिशात ठेवली आणि पेन बाईंपुढे धरलं.

बाई तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. नवीन नाडी, सारखी सुटत होती. त्या उभ्या राहिल्या, पेन घेतलं, आणि कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती?"

दोन वर्षांत त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"नऊ," मी म्हटलं. "एक बाहेर गेली."

"जाते कधीकधी." त्यांनी सही केली. टार्गेट मात्र घडी घालून पर्समध्ये टाकलं नाही. कठड्यावर तसंच ठेवून त्या उशीच्या पिना काढायला निघून गेल्या. थापाजींनी काडतुसं लोटायला झाडू मागवला. मी टार्गेट उचललं आणि माझ्या बॅगेत घातलं.

अल ऐनला मी गेले. जाताना बाईंनी टीमसाठी चटणीचा डबा पाठवला, चौघांना पुरेल एवढा. आम्ही सहा टीममध्ये चौथे आलो. मी वाईट मारलं नाही, चांगलंही मारलं नाही. भिंतीवर फोटो लागला, मागे डोंगर आहे. थापाजी त्या फोटोखालून जाताना वर बघत नाहीत, किंवा मला तसं वाटतं.

त्यानंतर बाई चार महिने ऑफिसात होत्या. रोज अकरा चाळीसला दार लावून माझ्या टेबलावर दोन भाकऱ्या मांडत होत्या. शनिवारी क्लबात येत होत्या, तपकिरी बुटांत. पांढरे पुन्हा दिसले नाहीत. मग साठी झाली, कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही, केक कापला. एअरपोर्टला मीच सोडलं. वाटेत सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. पण वाटभर त्या बॅगेच्या वजनाबद्दल बोलत होत्या, आणि वजन खरंच जास्त होतं. उतरून आम्ही बॅगेतून अख्ख्या सुक्या बोंबलांचं पुडकं काढलं आणि ते माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं उशी देतील. उशी त्यांनी हँडबॅगेत घातली होती.

जाताना म्हणाल्या, "नेम चांगला आहे तुझा, पुणेकर. मोजतेस फार."

माझ्या फाइली आता तीन आहेत. तिसरीच्या शेवटच्या पाकिटात माझं नसलेलं एकच टार्गेट आहे. गेल्या महिन्यात नवरा भारतात गेला होता, मुलगा क्लासला होता. मी ते पाकिटातून काढलं, खिडकीच्या उजेडाला धरून त्या लांबट भोकाचा फोटो काढला आणि बाईंना पाठवला. खाली लिहिलं, 'बाई, दहा होत्या.' पुढे काही लिहिलं नाही. कारणं माझ्याकडे होती, पण ती वाचून त्यांना काय मिळणार.

दोन दिवस उत्तर नाही. मेसेज वाचला गेल्याचं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी अकरा चाळीसला आलं. आता त्या वेळ बघून पाठवतात की काय कोण जाणे, तिकडे वसईला तेव्हा एक वाजून दहा झालेले असतात.

'माहीत आहे. त्या दिवशी कागद येताना ते भोक मीही पाहिलं, आणि काडतुसं मोजली, नाडी बांधताना. बोंबील संपले की आहेत?'

मी ते केबिनमध्ये वाचलं, दार बंद करून. म्हणजे 'किती' विचारताना त्यांना आकडा ठाऊक होता. नऊ ऐकलं, सही केली, आणि चार महिने रोज समोर बसून मला भाकरी वाढली. नेमाचा हेवा मी समजू शकते, नेम सरावाने येतो, पायांनी येतो. हे कशाने येतं ते मला माहीत नाही. माझ्यात चार मिनिटंसुद्धा टिकलं नसतं. नेमापेक्षा आता याचाच हेवा वाटतो, आणि तो जायची चिन्हं नाहीत.

घरी येऊन फ्रीजर उघडला. पुडकं मागे लपवलेलं होतं, मटारच्या पिशवीखाली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, बोंबील एकेक करून मांडले आणि मोजले, आधी या टोकाकडून, मग त्या टोकाकडून.

मग हात धुऊन लिहिलं, 'अकरा.'